घडीच्या दाराची मूठ योग्य जागी बसवून देणाऱ्या काकांस

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

नौपाड्यातील आपल्या दुकानात मी आलो होतो तो आमच्या फोल्डिंग दाराचा वाकलेला रोलर बदलून घेण्यासाठी. तो काउंटरवर ठेवल्यावर आपण लगेच नवा काढून दिला असता तर मीही समाधानाने परतलो असतो, परंतु आपण चष्मा कपाळावर सरकवून रोलर निरखलात आणि "दार कुठून ओढता?" असे विचारलेत. त्यानंतरच्या रविवारी आपण आमच्या घरी जे काम केलेत, त्याचे आभार दुकानातील गर्दीत नीट मानता आले नाहीत, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. फोल्डिंग दार करून घेणाऱ्या कोणाच्या ते उपयोगी पडले तर आनंदच आहे.

पाचपाखाडीतील आमच्या जुन्या फ्लॅटमध्ये हॉल आणि आईची खोली यांच्यामध्ये सहा फुटांचे दार आहे. प्रत्येकी 18 इंचांच्या चार झडपा, दोन उजवीकडे आणि दोन डावीकडे घडी होणाऱ्या, वरच्या चॅनेलमध्ये रोलरवर चालणाऱ्या. दोन्ही बाजूंच्या झडपा मधोमध जिथे भेटतात तिथे, अगदी कडेला, मी हौसेने दोन लांब मुठी बसवून घेतल्या होत्या. सुताराने एकदा नापसंती दर्शवली होती, पण मी ऐकले नाही. नेहमीच्या दुहेरी दाराच्या मुठी मधोमधच असतात, त्यामुळे त्याखेरीज दुसरी जागा असू शकते हे माझ्या मनातही आले नाही. परिणाम असा झाला की दार उघडताना प्रत्येक वेळी झटापट करावी लागे, आणि संधिवाताने बोटे आखडलेल्या आईने तर दार लावून घेणेच सोडून दिले होते.

आपण घरी आलात तेव्हा पिशवीतून मूठ न काढता काच उचलायची रबरी चकती काढलीत, हे पाहून मी चकित झालो होतो. ती गुळगुळीत लॅमिनेटवर पहिल्यांदा कडेला, मग झडपेच्या मधोमध आणि शेवटी घडीपासून, म्हणजे दोन झडपा बिजागरीने जोडल्या आहेत तिथून, दोन इंचांवर अशी तीन ठिकाणी चिकटवून आपण प्रत्येक वेळी आईलाच ओढायला सांगितलेत. कडेला दार हलले नाही, मधोमध कुरकुरत उघडले, आणि घडीजवळ तिने दोन बोटांनी ओढले तरी ते सहज पुढे आले. ज्याला दार वापरायचे आहे त्याच्याच हाताने जागा ठरवून घेण्याची ही रीत मला फार आवडली.

मग आपण कारण सांगितलेत, तेही कागदावर रेघा ओढून. साध्या दाराला बिजागरीपासून जितके दूर धरावे तितका जोर कमी लागतो, म्हणून तिथे मूठ कडेला असते. घडीच्या दाराची मधली कड मात्र चॅनेलमध्ये अडकलेली असते. ती फक्त बाजूला सरकू शकते, आपल्याकडे येऊ शकत नाही. तिथे ओढले की सगळा जोर रोलरवर जातो, आणि माझा रोलर वाकला तो त्यामुळेच. आपल्याकडे येते ती घडी. मूठ झडपेच्या मधोमध असेल तर घडीजवळच्या मुठीच्या सुमारे दुप्पट जोर लागतो, हे आपण बोट फिरवत समजावलेत तेव्हा शाळेतल्या तरफेच्या धड्याचा अर्थ मला पन्नाशीत उमगला.

माझा दुसरा हट्टही आपण मोडून काढलात. चारही झडपांना एकेक मूठ असली तर दार शोभून दिसेल असे मला वाटत होते. चौकटीकडची झडप उघडल्यावर तिचा दर्शनी भाग बाजूच्या भिंतीकडे वळतो आणि तिथली मूठ भिंतीवर आपटते, हे आपण दार उघडून दाखवलेत आणि चारऐवजी दोनच मुठी विकल्यात. पुढच्या झडपेवरची मूठ दार उघडे असताना येण्याजाण्याच्या वाटेकडे तोंड करून असते, त्यामुळे दोन्ही टोके मोकळी असलेल्या दांड्यात आईचा पदर अडकेल, हेही आपल्याच लक्षात आले. म्हणून टोके दाराकडे वळलेली, 96 मिलिमीटर अंतराच्या छिद्रांची पितळी मूठ ठरली. लॅकर, म्हणजे चमक टिकवणारा पारदर्शक लेप, नसलेले पितळ घ्या, काळवंडले तर देवाच्या उपकरण्यांबरोबर पितांबरीने घासता येईल, असे आपण म्हणालात आणि आईची पसंती तिथेच पक्की झाली.

बसवण्याच्या कामात आपला हात किती सावध आहे ते पाहण्यासारखे होते. मुठींबरोबर आलेले 25 मिलिमीटरचे स्क्रू कपाटाच्या 18 मिलिमीटर प्लायसाठी असतात. आमच्या 32 मिलिमीटरच्या झडपेला ते पुरणार नाहीत हे जाणून आपण 40 मिलिमीटरचे आणले होते. पुठ्ठ्याचा साचा, त्यावर गुण्या, लॅमिनेट फुटू नये म्हणून कागदी चिकटपट्टी आणि मागे लाकडाचा तुकडा दाबून मगच ड्रिल. घडी झाल्यावर मागच्या बाजू एकमेकींना टेकतात, म्हणून स्क्रूची डोकी सूतभर खोल बुडवलीत. त्याच कारणाने आईच्या खोलीकडच्या बाजूला झडपेबाहेर डोकावणारी मूठ चालणार नव्हती. तिथे पटाशीने खाच करून आत बसणारी मूठ दिलीत, आणि ती घडीपासून दोनऐवजी चार इंचांवर ठेवलीत, कारण बिजागरीजवळची फट मिटताना बोटे चेंगरण्याची भीती तिथे सर्वांत जास्त असते. उंची आईच्या कोपरावरून घेतलीत. माझ्यासाठी ती थोडी खाली आहे, पण ते दार तिचे आहे.

कडेची जुनी छिद्रे आपण सागाच्या खुंट्यांनी बुजवलीत. जवळून पाहिले तर ती अजून दिसतात, आणि त्यांवर नवे लॅमिनेट लावण्याचा माझा विचार नाही.

येण्याजाण्याचे पैसे आपण घेतले नाहीत, चहाही अर्धाच घेतलात. महिन्याने स्क्रू एकदा तपासा असे सांगितले होते, त्याप्रमाणे काल तपासले. डावीकडचा खालचा स्क्रू अर्धा आटा ढिला होता, तो आवळला. आई आता दुपारी स्वतः दार लावून झोपते.

आपली रबरी चकती आमच्याकडेच राहिली आहे. येत्या रविवारी ती दुकानात आणून देतो; आईने केलेल्या ओल्या नारळाच्या वड्याही सोबत असतील, त्यांना कृपया नाही म्हणू नये.

आपला कृतज्ञ,
पाचपाखाडीतील फोल्डिंग दारवाला