माया सोडून शिव

इचलकरंजी

चि. सौ. मृण्मयीस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर "आई, कपाटातलं एकही मला होत नाही गं" असं म्हणालीस आणि गप्प झालीस. मला तेव्हा काही सुचलं नाही. म्हणून आज दुपारची कामं उरकून लिहायला बसले आहे.

पोट दिसायच्या आधी छातीचा घेर वाढतो, बरगड्याही थोड्या रुंदावतात. त्यामुळे कुर्ता पहिल्यांदा अडतो तो मुंढ्यात, म्हणजे बाही जोडतात तिथे, आणि छातीवर. तुझं काही बिघडलेलं नाही, पाचव्या महिन्यात सगळ्यांचं असंच होतं. तू मागवायचे म्हणतेस ते सात नवे ड्रेस मात्र मागवू नकोस. तुझी रजा २६ आठवड्यांची, त्यातले फार तर ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. ते सगळे आधी घेतलेस तर ऑफिसचे कपडे तुला आठवा लागेपर्यंतच हवेत. तेवढ्यासाठी आहेत त्यातले चार-पाच मोकळे करू.

तुझ्या वेळची गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. १९९५ चा उन्हाळा, मला सहावा महिना. सांगलीहून एसटीनं येत होते, बसायला जागा नव्हती. वरचा दांडा धरायला हात उचलला आणि पाठीवर मुंढ्यापाशी ड्रेस टर्रकन फाटला. टीप शाबूत होती, कापडच गेलं. ओढणी खांद्यावरून लपेटून घेतली आणि घरापर्यंत तशीच उभी राहिले. घरी येऊन ड्रेस उलटा केला तर आत माया, म्हणजे शिवणीच्या आत राखलेलं जास्तीचं कापड, जेमतेम पाव इंच. सोडायला काही नव्हतंच. त्या रात्री मी खूप रडले. तेव्हापासून कुणाचंही शिवलं तरी शिवणीला इंचभर माया ठेवल्याशिवाय मी कात्री चालवत नाही. तुझ्या मी शिवलेल्या सगळ्या कुर्त्यांत ती आहे. उलटे करून बघ.

आधी तेच कुर्ते घे. बाजूची शिवण काखेपासून कटापर्यंत उसव आणि बाहीतही तीन-चार इंच आत जा, नाहीतर मुंढा काचतच राहील. एका बाजूला पुढचा आणि मागचा असे दोन काठ, दोन्ही बाजूंचे मिळून चार. प्रत्येकातून पाऊण इंच सोडलास की घेरात तीन इंच मिळतात आणि टिपेपुरता पाव इंच उरतो. पाव इंच नुसता ठेवू नकोस, त्याच्यावर दुहेरी टीप घाल. जुन्या टिपेची रेघ दिसेल. ओलं फडकं ठेवून इस्त्री फिरवलीस की बरीचशी जाते.

तयार घेतलेल्या कुर्त्यांत एवढी माया नसते. त्यांना दोन्ही बाजूंना कळी, म्हणजे वेगळ्या कापडाची पट्टी, घाल. काखेत इंचभर आणि खाली पाच इंच रुंद, अशी निमुळती. कापड त्याच ड्रेसच्या ओढणीचं घे, रंगाला रंग मिळतो. ओढणी पातळ असेल तर आतून मलमलचं अस्तर दे. बाळ झाल्यावर कळी उसवलीस की कुर्ता होता तसा. म्हणून सांगते, जिथे उसवून काम होतं तिथे कापू नकोस.

जीन्सला मात्र कात्री लावावी लागेल, त्यामुळे सगळ्यात जुनी निवड. ती घालून आरशासमोर उभी राहा आणि पोटाखालून जाणारी गोलाई खडूनं आखून घे. चेन नि पट्टा त्या रेघेच्या वर जातील. रेघेच्या वर अर्धा इंच ठेवून काप. जुन्या टी-शर्टची सोळा इंच रुंद पट्टी दुमडून आठ इंची कर आणि तिथे जोड. पट्टीची लांबी कमरेच्या मापापेक्षा तीन इंच कमी ठेव आणि ती ताणून धरून टीप घाल. तुझ्या मशीनवर झिगझॅग आहे, तोच वापर. साधी टीप ताणली की तुटते. होजिअरीला गोल टोकाची १४ नंबरची सुई लागते. जिथे जीन्सचे चार थर एकावर एक येतात तिथे मोटर बंद ठेवून चाक हातानं फिरव, नाहीतर सुई मोडून डोळ्याकडे उडते. सध्याची जीन्स आणखी पंधरा दिवस चालवायची असेल तर केसांचा रबर काजातून ओवून बटणाला अडकव आणि वरून लांब कुर्ता घाल.

नवीन एकच शीव. आपल्या गावात १९०४ पासून यंत्रमाग चालताहेत, इथल्या लेकीनं या दिवसांत पॉलिस्टरमध्ये उकडून निघावं हे मला सोसत नाही. केंब्रिकचा अडीच मीटरचा तुकडा पाठवते. रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून मगच बेत, सुती कापड आटतं. छातीखालपर्यंत योक, म्हणजे वरचा वेगळा जोडलेला भाग, आणि त्याखाली चुण्या. आणि हे विसरू नकोस: पुढचा भाग मागच्यापेक्षा तीन इंच लांब काप. पोट वाढलं की पुढचं कापड वर ओढलं जातं आणि कुर्ता समोरून आखूड दिसतो. ते जास्तीचे तीन इंच छातीखालच्या बाजूच्या शिवणीत बारीक चुण्यांनी बसव. योकच्या दोन्ही उभ्या शिवणींत सात-सात इंचांच्या लपत्या चेन आत्ताच घातल्यास की पुढे बाळाला पाजतानाही तोच कुर्ता चालेल.

माझ्या आजीला यातलं काही करावं लागलं नाही. नऊवारी लुगडं नेसायची, चोळीची गाठ पुढे. पोट वाढलं की लुगड्याचा घोळ सैल, छाती वाढली की गाठ सैल. नऊ महिने तेच कपडे. आणि लुगडं विरलं की त्याचीच दुपटी नि लंगोट, कारण धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुताइतकं तान्ह्याला दुसरं काही सुखाचं नसतं. तुझं पहिलं झबलं तिच्याच लुगड्याचं होतं. माझ्याही दोन जुन्या सुती साड्या मी बाळंतविड्यासाठी धुऊन काढून ठेवल्या आहेत.

डोहाळजेवणाचा ब्लाऊज मी शिवणार आहे. हूक पाठीमागे हवेत म्हणालीस, पण माझं ऐक, पुढेच राहू देत. सातव्या महिन्यात पाठीमागे हात नेऊन हूक लावणं जड जातं. परकराची नायलॉनची नाडी आजच काढून टाक, तिनं कमरेला करकोचे पडतात. दीड इंच रुंद सुती पट्टीची नाडी ओव आणि गाठ पोटाच्या खाली बांध. अवघडल्यासारखं वाटलं तर तेवढ्यापुरतं सहन करत बसू नकोस, उठून सैल कर.

रात्री जागून शिवू नकोस. मशीनवर वाकून पाठ धरते. अर्धा तास झाला की उठायचं, थोडं चालायचं. उसवायचं काम निखिलरावांना दे, त्यांचा हात बारीक आहे.

येत्या रविवारी बाबा पुण्याला येत आहेत. त्यांच्याबरोबर कापड, सुया आणि मी मोकळे केलेले तुझे दोन निळे कुर्ते पाठवते. ब्लाऊजसाठी छाती, छातीखालचा घेर आणि दंड अशी तीन मापं शुक्रवारपर्यंत कळव. टेप घट्ट ओढू नकोस, आत दोन बोटं राहू देत. त्यावर दीड इंच माया मी धरते.

तुझी,
आई