हर्णैच्या तांडेलकाकांना जाहीर आभार

तांडेलकाका,
सा. न. वि. वि.

सुवर्णदुर्गाच्या फोटोपुढे उभं राहून लोक म्हणतात, "काय वेळ साधलीत हो!" मी सांगतो की वेळ एका तांडेलाने, म्हणजे होडीच्या म्होरक्याने, काढून दिली, तर त्यांना तो माझा विनय वाटतो. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितोय.

आम्ही कॅमेरेवाले मोबाइलवर भरती-ओहोटी बघतो. तुम्ही पडवीत जाळं विणताविणता तोंडी हिशोब मांडलात: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पुनवेला सव्वाअकरा. पुढे सहा-सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. म्हणजे पुनवेच्या उधाणाला पाणी सगळ्यात लांब ओसरतं ते संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला, आणि थंडीत सूर्यही तेव्हाच खाली आलेला असतो. ओली वाळू पार दूरवर उघडी, तिच्यात आभाळ, मागे किल्ल्याचा काळा तट. माझं निम्मं काम त्या पाऊणपटीने केलंय. आता भिंतीवरचं कालनिर्णय बघून मी वर्षभराचं वेळापत्रक लावतो.

अष्टमीच्या भांगाचंही, म्हणजे कमी चढ-उताराच्या भरती-ओहोटीचंही, तुम्हीच सांगितलंत. भरती पहाटे सहाला, पाण्याला जोर नाही, वर मतलई वारा जमिनीकडून सुटलेला, त्यामुळे समुद्र सपाट. आमच्या लांब एक्स्पोजरला हेच हवं. लेन्सवर दहा स्टॉपची, म्हणजे उजेड दहा वेळा निम्मा करणारी, काळी काच चढवली की पंधरांश सेकंदाचं काम मिनिटाच्या वर जातं, फिल्म असेल तर त्याहूनही जास्त, आणि तेवढ्या वेळात लाटेने ट्रायपॉडखालची वाळू ओढून नेली की सगळं मुसळ केरात. तुम्ही काही न बोलता तीन करवंट्या आणल्यात, वाळूत उताण्या दाबल्यात आणि एकेकीत एकेक पाय बसवलात. बाजारात यासाठी महागडे बूट मिळतात. मी अजून करवंट्याच वापरतो.

तुमची एक तक्रार मात्र रास्त होती. "एवढी निळी-तांबडी रंगवलेली होडी, ती राखाडी का केलीस?" काका, कृष्णधवल फोटोत रंग जातो आणि त्याचा उजेड तेवढा उरतो. निळा नि तांबडा दोन्ही एकाच राखाडीत मिसळू शकतात. लाल फिल्टर लावला तर तांबडी पट्टी उजळते, निळी अंधारते, आभाळही काळवंडतं आणि ढग उठून दिसतात. सड्यावरचा जांभा याच फिल्टरने फिका पडतो, हिरव्याने गडद होतो. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स (१९०२–१९८४) आणि फ्रेड आर्चर या अमेरिकन फोटोग्राफरांनी १९४० च्या सुमाराला काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत अकरा पायऱ्या मांडल्या. त्यांतल्या तिसरीवर मी तुमचा तट ठेवलाय, म्हणजे काळा असूनही दगड दिसतात. कोकण हिरवंगार, मग रंगीत का नाही, असं विचारणाऱ्यांना मी हल्ली उत्तर देत नाही. हिरवं सगळ्यांनाच दिसतं.

होडी असलेला मोठा प्रिंट एसटीने पाठवतोय. समुद्राकडच्या भिंतीला लावू नका, पावसाळ्यात ओल धरेल. आणि काकूंना सांगा, त्यातली फिकी पट्टी म्हणजे त्यांनी स्वतः निवडलेला तांबडा रंग.

तुमचा,
करवंटीवाला फोटोग्राफर