भयकथाकाराचे मित्रमंडळ

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील भयकथांवरच्या लेखात एम. आर. जेम्स यांचा उल्लेख वाचून आनंद झाला, परंतु त्यांच्या मित्रमंडळाविषयी त्यात एक ओळही नसावी याचे वाईट वाटले. जेम्स हे केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमधील जुन्या हस्तलिखितांचे गाढे अभ्यासक होते आणि त्यांच्या कथा मुळात छापण्यासाठी नव्हे, तर मित्रांना वाचून दाखवण्यासाठी लिहिलेल्या होत्या. २८ ऑक्टोबर १८९३ रोजी ‘चिटचॅट सोसायटी’ या केंब्रिजमधील वाचन-चर्चा मंडळाच्या बैठकीत त्यांनी आपल्या पहिल्या दोन भयकथा वाचल्या, तेव्हा श्रोत्यांत पुढे स्वतः भयकथाकार म्हणून नावाजलेले ई. एफ. बेन्सनही होते. नंतर नाताळात जेम्स यांच्या खोलीत मंडळी जमत; एक मेणबत्ती सोडून बाकीच्या विझवल्या जात आणि नुकतेच लिहून झालेले कागद हाती घेऊन ते वाचायला बसत. कथासंग्रह निघाला तोही जेम्स मॅकब्राइड या जिवलग मित्राने चित्रे काढण्याची तयारी दाखवली म्हणून. चारच चित्रे पूर्ण झाली असताना १९०४ मध्ये मॅकब्राइड अकाली गेले, आणि त्याच वर्षी पुस्तक तेवढ्याच चित्रांसह प्रसिद्ध झाले. माझ्या मते या कथांतला संथ, विश्वासात घेणारा सूर त्या बैठकींतूनच घडला, म्हणून या मंडळावर आपण स्वतंत्र लेख जरूर छापावा, ही विनंती.

– एक नियमित वाचक, पुणे