बिकिलाचे बूट आणि रोममधला दगडी खांब

प्रिय बंड्या,

तुझं फॉरवर्ड मिळालं, इथिओपियाच्या मॅरेथॉनवाल्या अबेबे बिकिलाचं. "बूट घ्यायला पैसे नव्हते तरी ऑलिंपिक जिंकला, मग तुम्ही कसली कारणं देता" वालं. तुमच्या रनिंग ग्रुपवर ते धडाधड फिरत असणार. पण इथे इथिओपियाच्या राजधानीत, आदिस अबाबात राहून ते वाचलं आणि मला राहवेना. व्हॉट्सॅपवर तुकडे पाडत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहावं म्हटलं, कारण ही गोष्ट गरिबीची नाहीच आहे, आणि खरी गोष्ट त्या फॉरवर्डपेक्षा कितीतरी मोठी आहे.

बिकिला सम्राट हैले सेलासीच्या अंगरक्षक दलातला शिपाई होता. पगारी नोकरी, कडक ट्रेनिंग, आणि ओन्नी निस्कानेन नावाचा स्वीडिश कोच त्याच्यावर कधीपासून मेहनत घेत होता. १९६० च्या रोम ऑलिंपिकच्या वेळी नवीन घेतलेले बूट पायाला नीट बसेनात, फोड यायची भीती, आणि प्रॅक्टिस तर त्याने बूट घालून आणि अनवाणी अशी दोन्ही केलेली, मग ठरलं की अनवाणीच पळायचं. पूर्ण विचार करून घेतलेला निर्णय होता तो. आपण मात्र त्याला बिचारा करून टाकतो, आणि मला राग येतो तो याचाच.

आता रेस ऐक. १० सप्टेंबर १९६०, उन्हाचा त्रास नको म्हणून संध्याकाळी सुरू केलेली मॅरेथॉन, शेवटचा बराचसा भाग अंधारात, रस्त्याच्या कडेला सैनिक मशाली धरून उभे. अर्ध्या अंतरानंतर पुढे दोघंच उरले, बिकिला आणि मोरोक्कोचा राधी. बिकिलाला सांगितलेलं की राधीचा नंबर २६ असेल, त्यावर लक्ष ठेव. राधी पळत होता १८५ नंबर लावून, त्यामुळे हा बाबा शेजारी राधी पळत असताना २६ नंबरवाला कुठे पुढे निघून गेलाय का तेच शोधतोय! कोच आणि त्याने आधी रूट पाहून ठेवलेला, आणि शेवटचा जोर कुठे लावायचा ती जागाही ठरवलेली. ती जागा म्हणजे पोर्ता कापेना चौक. तिथे एक उंच दगडी खांब उभा होता, तिथून त्याने जो वेग घेतला तो थेट कॉन्स्टंटाइनच्या कमानीखालच्या फिनिश लाइनपर्यंत. २ तास १५ मिनिटं १६.२ सेकंद, वर्ल्ड बेस्ट. राधी पंचवीस सेकंद मागे.

तो खांब इथिओपियाचा होता. उत्तरेकडच्या अक्सूम शहरातला, सतराशे वर्षांपूर्वीच्या राज्याचा, चोवीस मीटर उंच, दीडशे टनांच्या वर वजन. मुसोलिनीच्या लोकांनी १९३७ मध्ये तो लूट म्हणून रोमला नेला आणि आपल्या आफ्रिका खात्याच्या इमारतीसमोर उभा केला. आता डोळ्यासमोर आण, ज्या देशावर विषारी वायू टाकून कब्जा केला, त्या देशातला एक शिपाई रात्री मशालींच्या उजेडात तुमच्या राजधानीत येतो आणि आपल्याच पूर्वजांच्या खांबापाशी सगळ्यांना मागे टाकून जातो. बुटांची किंमत वगैरे यात कुठे येते सांग मला.

आणि इटलीला इथिओपिया एवढा का सलत होता हे कळायचं तर आड्वाची लढाई माहीत पाहिजे. आपल्या शाळेच्या इतिहासात मला तरी हे नाव भेटल्याचं आठवत नाही, इथे शाळकरी पोराला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. १ मार्च १८९६. सगळा आफ्रिका खंड युरोपवाले वाटून घेत होते तेव्हाची गोष्ट. १८८९ साली इटलीने सम्राट मेनेलिकशी एक तह केला, त्याच्या इटालियन प्रतीत असं घातलं की इथिओपियाचे परराष्ट्र व्यवहार इटलीमार्फतच चालतील. अम्हारिक प्रतीत तसली सक्ती नव्हतीच. मेनेलिकने तो तह धुडकावला, आणि लढाई होणार हे ओळखून आधीपासून बंदुका जमवल्या, फ्रान्सकडून, रशियाकडून, काही तर खुद्द इटलीकडून आलेल्या!

पण मला त्यातली सगळ्यात भारी व्यक्ती वाटते ती त्याची राणी ताइतू. तहाच्या बाबतीत सगळ्यात ठाम तीच होती. मेकेल्लेच्या किल्ल्यात इटालियन फौज तळ ठोकून बसलेली, समोरून हल्ले करून माणसं मरत होती, तेव्हा ताइतूने सुचवलं की किल्ल्याला पाणी जिथून मिळतं ती जागा ताब्यात घ्या. तिच्या लोकांनी झरा धरून ठेवला आणि थोड्याच दिवसांत किल्ला सोडून द्यायची वेळ इटालियनांवर आली. पुढे आड्वाला ती स्वतःची फौज घेऊन हजर होती, आणि बायकांना कामाला लावून लढणाऱ्यांना पाणी पोचवत होती. मी ज्या शहरात बसून हे लिहितोय ते आदिस अबाबाही तिच्यामुळेच, इथल्या गरम पाण्याच्या झऱ्यांपाशी तिने घर बांधायला लावलं आणि गावाला नाव दिलं, नवं फूल.

आड्वाला काय झालं तर इटालियन जनरल बाराटिएरीने सतरा हजारांच्या आसपास माणसं रात्री डोंगरातून वेगवेगळ्या तुकड्यांनी पुढे काढली. हातातला नकाशा कच्चा. एक तुकडी भलत्याच टेकडीपर्यंत पुढे निघून गेली आणि एकटी पडली, समोर मेनेलिकची लाखाच्या आसपास फौज. एकेक तुकडी वेगवेगळी गाठून झोडपली, दुपारपर्यंत खेळ खलास. दोन जनरल मेले, एक कैद झाला, रोममध्ये सरकार पडलं आणि त्याच वर्षी इटलीला इथिओपियाचं स्वातंत्र्य लेखी मान्य करावं लागलं. तो मार काही ते विसरले नाहीत, चाळीस वर्षांनी मुसोलिनी आला तो हाच हिशोब चुकता करायला.

१९३५ च्या ऑक्टोबरमध्ये हल्ला झाला तेव्हा बिकिला तीन वर्षांचं पोर होता. मे १९३६ मध्ये आदिस पडलं, हैले सेलासी जून महिन्यात जिनिव्हाला लीग ऑफ नेशन्ससमोर उभा राहिला, इटालियन पत्रकार शिट्ट्या मारत होते आणि हा माणूस शांतपणे सांगत होता की विमानांतून विषारी वायू कसा फवारला, माणसं, गुरं, पाणी सगळ्यावर. जगाने ऐकलं आणि काहीच केलं नाही. फेब्रुवारी १९३७ मध्ये आदिसमध्ये इटालियन व्हाइसरॉय ग्राझियानीवर बॉम्ब टाकले म्हणून तीन दिवस शहरात कत्तल चालली, हजारो माणसं मारली. त्याचं स्मारक सिदिस्त किलो चौकात आहे, त्यावर ती सगळी दृश्यं कोरलेली आहेत. मी पहिल्यांदा जवळ जाऊन पाहिली तेव्हा मला पुढचा बराच वेळ कोणाशी बोलावंसं वाटलं नाही.

आणि हे तुला नक्की आवडेल, १९४१ मध्ये इटालियनांना इथून हुसकावणाऱ्या फौजेत आपली माणसं होती. केरेनची लढाई (ते आता इरिट्रियात येतं), कडेकपारीतली, आठवडेच्या आठवडे चाललेली, तिथे मराठा लाइट इन्फन्ट्री लढली. आपल्या सातारा-कोल्हापूरकडच्या किती घरांत त्या लढाईला गेलेले आजोबा-पणजोबा असतील, आणि कशासाठी कुठे लढले ते घरात कोणाला सांगताही येत नसेल. उलट दिशेने तर त्याच्या कितीतरी आधी मलिक अंबर आला, इथे जन्मून गुलाम म्हणून विकला गेलेला आणि निजामशाहीचा कारभारी होऊन बसलेला, खडकी (आताचं छत्रपती संभाजीनगर) वसवणारा, ज्याच्या बाजूने शहाजीराजे भातवडीला लढले. त्याच्यावर पुन्हा कधीतरी, नाहीतर हे पत्र संपायचं नाही.

आता तुझ्या कामाचं. तू विचारलेलंस हे लोक एवढे कसे पळतात. हवा हे पहिलं उत्तर. आदिस समुद्रसपाटीपासून जवळजवळ २,४०० मीटरवर आहे, म्हणजे आपलं कळसूबाई इथल्या रस्त्यांच्याही खाली. सगळा मधला देश असा उंच पठाराचा, त्याला उभी चिरत गेलेली खचदरी, आणि ईशान्येला दानाकिलची खोलगट जागा जी समुद्रसपाटीच्याही शंभरेक मीटर खाली, तिथे अफार लोक मिठाच्या लाद्या कापून उंटांवर लादून आणतात. एकाच देशात हे सगळं. आणि ताना सरोवरातून निघणारी अबाय, म्हणजे निळी नाईल. इजिप्तला पोचणाऱ्या पाण्यातला मोठा वाटा या डोंगरांतला. तिच्यावर २०११ पासून धरण बांधत होते, लोकांनी बाँड घेऊन पैसे उभे केले, सप्टेंबर २०२५ मध्ये उद्घाटन झालं. इथे त्या धरणाचा विषय काढलास तर कामवाल्या मावशीपासून बँक मॅनेजरपर्यंत सगळ्यांना दोन शब्द बोलायचेच असतात.

पण नुसत्या उंचीने होत नाही रे. पहाटे एन्तोतो डोंगरावर जाऊन बघ. निलगिरीचं दाट रान, मेनेलिकच्या काळात जळणासाठी लावायला सुरुवात केलेलं, धुकं, आणि त्यातून दहा-बारा जणांची रांग एकामागे एक पळत येते. सरळ रस्त्याने नाही, झाडांमधून नागमोडी, पुढचा जिथे वळेल तिथे मागचा. पावलाला पाऊल. पुढच्याला दगड दिसला की तो हात करून खुणावतो आणि ती खूण रांगेत शेवटपर्यंत जाते. एकट्याने पळणं इथे चांगलं समजत नाहीत, ग्रुपमध्ये एकमेकांचा वेग धरायचा असतो. त्याच उतारावरून बायका पाठीवर निलगिरीच्या काटक्यांचे भलेमोठे भारे घेऊन वाकून खाली उतरत असतात, आणि रांग त्यांना वाट देऊन बाजूने निघून जाते.

दक्षिणेला आर्सी भागात बेकोजी म्हणून छोटं गाव आहे, २,८०० मीटरच्या आसपास. दरार्तू तुलू तिथली, दिबाबा बहिणी तिथल्या, केनेनिसा बेकेले तिथला. एका गावाच्या वाट्याला एवढी ऑलिंपिक सुवर्णपदकं! दरार्तूची १९९२ ची बार्सिलोनाची १०,००० मीटर यूट्यूबवर बघच. आफ्रिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रीचं ते पहिलं ऑलिंपिक गोल्ड. दुसरी आली ती दक्षिण आफ्रिकेची गोरी एलाना मेयर, वर्णभेदामुळे बाहेर ठेवलेला तो देश त्याच वर्षी परत आलेला, आणि दोघींनी मिळून हात धरून मैदानाला फेरी मारली. माझे डोळे भरतात दर वेळी. हैले गेब्रसेलासी पण आर्सीचाच, लहानपणी शाळेची पुस्तकं काखेत धरून दहा किलोमीटर पळत जायचा, म्हणून शेवटपर्यंत त्याचा डावा हात पळताना तसाच दुमडलेला. आणि २०२० ची मुंबई मॅरेथॉन आठवते ना, देरारा हुरिसा, सामान वाटेत हरवलं म्हणून दुसऱ्याचे बूट मागून घातले आणि कोर्स रेकॉर्ड करून गेला. तू त्याच रस्त्यावर हाफ पळत होतास!

सगळं गोड आहे असं समजू नकोस. ज्या हैले सेलासीचं जिनिव्हातलं भाषण मी वर सांगितलं त्याच्याच राज्यात १९७३ मध्ये वोल्लो प्रांतात लोक उपाशी मरत होते आणि ते दडपलं जात होतं. पुढच्या वर्षी लष्कराने त्याला काढलं, आणि त्यानंतर लष्करी हुकूमशहा मेंगिस्तूच्या राजवटीत जी माणसं मारली गेली त्याबद्दल वयस्क लोक अजून हळू आवाजात बोलतात. १९८४ चा दुष्काळ, ज्याच्यामुळे जगाला इथिओपिया म्हणजे हाडं दिसणारी पोरं एवढंच माहीत, तोही नुसता पावसाने पडला नव्हता, त्यात युद्ध होतं, सरकार होतं. २०१६ ला रिओमध्ये फेयिसा लिलेसाने मॅरेथॉनची फिनिश लाइन ओलांडताना डोक्यावर दोन्ही हातांची फुली केली, ओरोमो लोकांवरच्या दडपशाहीविरुद्ध, आणि मग दोन वर्षं घरी येऊ शकला नाही. आणि पंतप्रधान अबी अहमद, २०१९ चं शांततेचं नोबेल, आणि पुढच्याच वर्षी नोव्हेंबरात उत्तरेकडच्या तिग्राय प्रांतातलं युद्ध. आड्वा आणि अक्सूम दोन्ही तिग्रायमध्येच आहेत. २०२२ च्या नोव्हेंबरात प्रिटोरियाचा करार होईपर्यंत दोन वर्षं तिथल्या बऱ्याच भागांत ना फोन ना बँक. त्या काळात लेतेसेनबेत गिदेसारख्या तिग्रायच्या मुली देशाचा झेंडा घेऊन मेडल आणत होत्या. मला याचं काय करायचं ते कळत नाही, पण हे न सांगता नुसतं आड्वा सांगणं बरोबर वाटत नाही.

तो खांब परत आला, हे सांगायचं राहिलंच. १९४७ च्या तहात इटलीने कबूल केलं आणि मग वर्षानुवर्षं टाळाटाळ. २००२ मध्ये तर रोममध्ये त्याच्यावर वीज पडली. शेवटी २००५ मध्ये तीन तुकडे करून अँटोनोव्ह विमानाने अक्सूमला आणला, २००८ मध्ये उभा केला. बिकिलाला ते बघायला मिळालं नाही. टोकियोत १९६४ ला अपेंडिक्सच्या ऑपरेशननंतर जेमतेम पाच-सहा आठवड्यांत तो परत मॅरेथॉन जिंकला (तेव्हा बूट घालून, तुमच्या ग्रुपला सांग), १९६९ ला कार अपघातात कमरेखाली अधू झाला, त्यानंतर व्हीलचेअरवर बसून तिरंदाजी खेळला, आणि १९७३ मध्ये गेला, फक्त ४१ वर्षांचा.

तर नोव्हेंबरात ये. ग्रेट इथिओपियन रन असते तेव्हा, १० किलोमीटर, हैले गेब्रसेलासीने सुरू करून दिलेली, हजारो लोक नाचत गात पळतात. पण चार-पाच दिवस आधी ये, नाहीतर पहिल्या चढालाच धाप लागेल. खाण्याची काळजी करू नकोस, बुधवार-शुक्रवार इथे उपासाचे, म्हणजे सगळं शाकाहारी, इंजेरावर (आंबवलेल्या पिठाची मोठी पोळी) शिरो वाढतात तो बेसनाचा, थेट आपल्या पिठल्यासारखा लागतो. आणि घड्याळाचं बघ, इथे दिवस सकाळी सहाला सुरू होतो, त्यामुळे कोणी "एक वाजता भेटू" म्हणालं तर सकाळचे सात समजायचं. तिकीट काढलंस की कळव, आणि येताना आईकडून मेतकूट घेऊन ये, अर्धा किलो तरी.

तुझाच,
पक्या