एफ कॉर्ड कुठे पळून जात नाही

वसई, रविवार, रात्री

चि. मेलिसा हिस अनेक आशीर्वाद.

तुझे मनगट दुखावल्याची बातमी मला तुझ्याकडून न कळता ज्योएलकडून कळली, त्याचा राग मी दुपारी फोनवर काढला आणि जे बोलायचे होते ते बाजूलाच राहिले. म्हणून हे पत्र. मनगटाविषयी फार लिहायचे नाही, असे ठरवून बसलो आहे. डॉक्टरांनी पट्टा दिला आहे, दोन आठवडे हात जपायला सांगितले आहे, आणि तू स्वतः दंतवैद्यक शिकतेस, तेव्हा कंडरेला सूज येणे म्हणजे काय हे तुला माझ्याकडून ऐकण्याची गरज नाही. मी गिटारविषयीच लिहितो.

गॅदरिंगच्या गाण्यात तुझे एफ कॉर्डवर अडले आहे, हे ज्योएलने सांगितले नसते तरी मी ओळखले असते. ज्याने म्हणून ओपन कॉर्ड, म्हणजे काही तारा मोकळ्या ठेवून एकत्र वाजवायचे सूर, शिकून पुढे पाऊल टाकले, तो प्रत्येक जण तिथेच अडतो. तर्जनी आडवी टाकून पहिल्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या पट्ट्यांमधल्या पहिल्या घरात, सहाही तारा दाबायच्या, हे काम गिटारवर जिथे सर्वांत अवघड, नेमके तिथेच नवशिक्याकडून करून घेतले जाते. पहिले घर सर्वांत रुंद, आपल्या गिटारवर साडेतीन सेंटिमीटरांहून थोडे अधिकच. शिवाय शेजारीच नट, म्हणजे मानेच्या टोकाची खाचांची पट्टी, असल्यामुळे तार तिथे ताठ असते, सहज वाकत नाही. हीच आडवी तर्जनी पाचव्या फ्रेटवर टाकलीस, तर हीच का ती कॉर्ड असा प्रश्न पडेल, इतकी ती हलकी वाटते. (आता टाकून पाहू नकोस. बरे वाटल्यावर.) तर्जनीचे बळ कमी पडले की अंगठा मागून गिटारची मान आवळू लागतो, मनगट आत मुडपते आणि सगळा ताण अंगठ्याच्या मुळाशी जातो. तुला कळ येते ती जागा हीच ना? मी विचारणार नव्हतो, पण विचारले.

आता एफच्या जागी काय वाजवावे ते सांगतो. सी कॉर्ड धर (सर्वांत बारीक ती पहिली तार). तर्जनी दुसऱ्या तारेवर पहिल्या फ्रेटवर, मधले बोट चौथ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटवर, अनामिका पाचव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटवर. तर्जनी आहे तिथेच राहू दे, आणि मधले बोट व अनामिका दोन्ही एकेक तार खाली, म्हणजे बारीक तारांकडे, सरकव. पहिली तार मोकळी सोड, पाचवी आणि सहावी वाजवू नकोस. झाली एफ मेजर सेव्हन. आडवे बोट नाही, आवळणे नाही, आणि पहिली तार मोकळी वाजत असल्यामुळे त्या कॉर्डला अशी एक हवा मिळते, जी बंद एफला कधीच मिळत नाही. सीमधल्या गाण्यात पुष्कळ ठिकाणी ही चालते, नुसती चालतेच असे नाही, शोभते. काही लोक तिला पळवाट म्हणतात. त्यांना म्हणू दे.

तू ओपन कॉर्ड झाल्या, आता पुढचे असे म्हणतेस, तेव्हा मला वाटते की त्या तुझ्या झाल्या आहेत हे खरे, पण त्यांच्या घरात तू अजून नीट फिरली नाहीस. एक डी घे. पहिल्या तारेवरचे मधले बोट उचलले की सस-टू, ते परत ठेवून शेजारच्या तिसऱ्या फ्रेटवर करंगळी टेकवली की सस-फोर. बाकीचा हात जागचा हलत नाही. पेटीच्या भाषेत सांगायचे तर डी हा सा धर. मग साधी डी म्हणजे सा, ग, प. करंगळी टेकवलीस की ग जाऊन म येतो, बोट उचललेस की ग जाऊन रे येतो. सा आणि प दोन्ही वेळा जागच्या जागी. तुला आठवत असेल, मास्तर तानपुरा जुळवताना आपल्याला गप्प बसवून म्हणायचे, आता खर्जाच्या तारेतून गांधार ऐका, तो कोणी छेडलेला नाही, आपोआप उमटतो. गिटारवरचा गांधार मात्र त्या गांधारापेक्षा किंचित चढा असतो, सुमारे १४ सेंट (अर्ध्या सुराचे शंभर भाग केले तर त्यातले चौदा), कारण फ्रेट बारा सारख्या अंतरांच्या हिशेबाने बसवलेले असतात. गांधार काढून घेतलेली कॉर्ड माझ्या कानाला इतकी स्वच्छ का वाटते, याचे एक कारण हे असावे, असे माझे मत आहे. मास्तर असते तर त्यांच्याशी वाद घातला असता.

हेच ए कॉर्डवर कर. दुसऱ्या तारेवरचे बोट उचलले की सस-टू, तिथेच तिसऱ्या फ्रेटवर करंगळी की सस-फोर. ए मायनरमधून तिसऱ्या तारेवरचे बोट काढले की ए मायनर सेव्हन. सीमधून तर्जनी उचलली की सी मेजर सेव्हन. ईमध्ये तिसऱ्या तारेवर पहिल्याऐवजी दुसरा फ्रेट दाबला की ई सस-फोर. एका बोटाची ये-जा, बस्स. यातले निम्म्याहून अधिक बदल तर बोट ठेवून नव्हे, उचलून होतात, आणि बोट उचलायला जोर लागत नाही, हे तुझ्या हाताच्या आजच्या अवस्थेत लक्षात घेण्यासारखे आहे.

पाहा, पुन्हा हातावर आलो.

जी कॉर्डचे मी तुला लहानपणी शिकवले होते ते आठव. अनामिका दुसऱ्या तारेवर आणि करंगळी पहिल्या तारेवर, दोन्ही तिसऱ्या फ्रेटवर, आणि ती दोन बोटे तिथेच राहू द्यायची. मधले बोट सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटवर व तर्जनी पाचव्या तारेवर दुसऱ्या फ्रेटवर असली की जी. ती दोन्ही एकेक तार खाली घेतली की सी ॲड नाइन. दोन्ही दुसऱ्या फ्रेटवर, पाचव्या आणि चौथ्या तारेवर, ठेवली की ई मायनर सेव्हन. नुसती तर्जनी तिसऱ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटवर ठेवून वरच्या दोन जाड तारा सोडल्या की डी सस-फोर. चार कॉर्ड, आणि दोन बोटे खिळ्यासारखी. वर सतत वाजणारे ते दोन सूर, डी आणि जी, गाण्याला छपरासारखे धरून ठेवतात. तू त्या वेळी विचारले होतेस, डॅडी, मग बदलते काय? चौथीतल्या मुलीने विचारलेला तो प्रश्न मी क्वायरमधल्या सगळ्यांना सांगितला होता आणि अजूनही सांगतो.

मला स्वतःला हे कोणी शिकवले नाही, गरजेने आले. तुझे पणजोबा लॅटिन मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना लॅटिनमध्ये होत असे त्या, काळातले होते. १९६२ ते १९६५ या काळात कॅथलिक चर्चची दुसरी व्हॅटिकन परिषद झाली, मग मिस्सा मराठीत आली आणि मराठी गीतांबरोबर आमच्या चर्चमध्ये पेटी, तबला आणि त्यांच्या मागून गिटार आली. गीते पेटीवर बसवलेली, रागाच्या अंगाने चालणारी. त्यांना पुस्तकातल्या सरळ मेजर-मायनर कॉर्ड लावल्या की गायिकेच्या कोमल-शुद्धाशी खटका उडायचा, आणि पेटीवाले सिल्व्हेस्टर अंकल माझ्याकडे असे पाहायचे की बोट आपोआप उचलले जायचे. उचलले की बरे लागायचे. कॉर्डमध्ये ग नसला की गाणाऱ्याला हवा तो ग घ्यायला मोकळीक मिळते, हे मला असे कळले. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला बोटे गारठलेली असायची, तेव्हा बेनेडिक्ट काका आडव्या कॉर्डवर कॉर्ड मारत असत आणि मी माझ्या दोन खिळलेल्या बोटांवर निभावून नेत असे. वाजवण्यात त्यांचा हात माझ्यापेक्षा कितीतरी सरस होता, हे सगळा गाव सांगेल. पुढे त्यांच्या हाताचे काय झाले ते तू पाहिले आहेस, त्याविषयी इथे लिहीत नाही. त्यांनीही सुरुवातीला कोणाला सांगितले नव्हते, एवढेच.

तुझ्या हाताची गोष्ट तर निराळीच आहे. उजव्या हातात हत्यार आणि डाव्या हातात आरसा धरून तुला पुढची तीस वर्षे लोकांच्या तोंडात पाहायचे आहे. गॅदरिंग एका रात्रीचे असते. एफ कॉर्ड कुठे पळून जात नाही. ती पहिल्या फ्रेटवर आहे, तुझी डिग्री होईपर्यंत तिथेच राहील.

हे व्याख्यान झाले, मला कळते. तुझी आई आतून दोनदा विचारून गेली की एवढे काय लिहिता, पोरीला ओरडू नका. ओरडत नाही. वाईट वाटले असेल तर माफ कर आणि पुढचे वाच, कारण पुढचे कामाचे आहे.

गॅदरिंगचे गाणे एफमध्ये आहे आणि गाणारी मुलगी सूर बदलायला तयार नाही, असे ज्योएल म्हणाला. मग कापो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, तिसऱ्या फ्रेटवर लाव आणि डीच्या कॉर्ड वाजव. तुझी डी ऐकणाऱ्याला एफ ऐकू येईल, जी ही बी फ्लॅट होईल आणि ए ही सी. डी मायनरच्या जागी बी मायनर लागेल, आणि तीही आडवी धरायची गरज नाही. पाचव्या, तिसऱ्या आणि पहिल्या तारेवर कापोपासून दुसरा फ्रेट दाबून चौथी आणि दुसरी मोकळी सोड, सहावी वाजवू नकोस, बी मायनर सेव्हन होते. शिवाय कापोमुळे तारा फ्रेटच्या जवळ येतात, दाब कमी लागतो. मग त्या डीवर सस-टू आणि सस-फोरची ये-जा कर. एफ धरून धापा टाकत वाजवणाऱ्याला जे करता येणार नाही, ते तू आरामात करशील. हे सगळे डॉक्टरांनी परवानगी दिल्यानंतर. त्यांनी नाही म्हटले तर तुझ्या मैत्रिणीला वाजवू दे आणि तू गा. तुझा आवाज आईचा आहे, तो कमी नाही.

परवानगी मिळाली की काही गोष्टी पाळ. बोट फ्रेटच्या पट्टीला अगदी खेटून ठेव, घराच्या मध्यावर नको, कारण पट्टीजवळ सर्वांत कमी दाबाने सूर स्वच्छ निघतो. दाब किती लागतो हे पाहायचे असेल तर बोट नुसते टेकवून तार छेड आणि हळूहळू दाबत जा. खरखर थांबली की तिथेच थांब, त्यापुढचा सगळा जोर वाया जातो. अंगठा काढून घेऊनही साधी डी वाजवता येते का ते पाहा. येते. दोन कॉर्डच्या मध्ये बोटे तारेवरून न उचलता सैल सोडायला शीक, त्या खिळलेल्या दोन बोटांनाही. आणि तारा बदल. तुझ्या गिटारवर बाराचा सेट आहे, पहिली तार ०.०१२ इंचाची. दहाचा सेट लाव. आवाज थोडा पातळ होईल, पण हॉस्टेलच्या खोलीत कोणाला भव्य आवाज हवा आहे? दुकानदार बाराचाच घ्या असे म्हणेल. ऐकू नकोस.

इकडे सर्व ठीक आहे. मोगऱ्याला भाव नाही, केळी बरी गेली. आजीने तुझ्यासाठी सुकेळी बांधून ठेवली आहेत आणि ती ज्योएलच्या हाती लागू नयेत म्हणून पिठाच्या डब्यामागे लपवली आहेत. पालकसणाच्या, आपल्या चर्चच्या सणाच्या, मिस्सेला या वर्षी कोण वाजवणार, असे फादरांनी विचारले, तेव्हा मी तुझे नाव सांगून टाकले. गेल्या वर्षीचा तुझा व्हिडिओ माझ्या फोनवर आहे. सकाळच्या लोकलला माझ्याबरोबर उभे राहणाऱ्या चौघांनी तो पाहिला आहे, त्यातल्या एकाने दोनदा. त्यात सी ॲड नाइनवरून जीवर येताना तू एक बोट उशिरा टेकवतेस, ते मी शिकवलेले नाही, ते तुझे आहे, आणि ते माझ्यापेक्षा चांगले आहे. नाव सांगितले म्हणून वाजवलेच पाहिजे असे मुळीच नाही. हात बरा असेल तरच. नसेल तर मी आहे, माझ्या दोन खिळलेल्या बोटांसह.

पैसे उद्या पाठवतो. फिजिओथेरपीचे वेगळे सांग, मेसच्या पैशांतून काटू नकोस.

तुझे,
डॅडी

ता. क. कापो आणि दहाचा सेट ज्योएलबरोबर पाठवत आहे. कापो फ्रेटच्या पट्टीला लागून लाव आणि लावल्यावर पुन्हा ट्यून कर, त्याच्या दाबाने तारा थोड्या चढतात. नव्या तारा पहिले दोन-तीन दिवस उतरतात, तेव्हा ट्यूनिंग टिकत नाही म्हणून परत ताणत बसू नकोस. आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय पट्टा रात्री काढू नकोस.