ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल बदलायलाच हवे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या वाहनविषयक पानावर ऑटोमॅटिक गाड्यांची माहिती अधूनमधून येते आणि आमच्यासारखे वाचक ती आवर्जून वाचतात. परंतु या गाड्यांच्या गिअरबॉक्समधले तेल बदलावे की नाही, आणि बदलायचे तर कधी, या प्रश्नावर कोल्हापुरातील गाडीमालकाला दोन टोकांचे सल्ले मिळतात. सर्व्हिस सेंटरमध्ये सांगतात की हे तेल गाडीच्या आयुष्यभरासाठी आहे, त्याला हात लावू नका. बाहेरच्या एखाद्या गॅरेजमध्ये सांगतात की दर वीस हजार किलोमीटरला मशीन लावून सगळे तेल उपसून टाका. माझ्या मते हे दोन्ही सल्ले चुकीचे आहेत, आणि त्यातला पहिला अधिक नुकसान करणारा आहे. या विषयावर सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

उद्यमनगर आणि शिरोलीच्या कारखान्यांत मी एकतीस वर्षे देखभाल विभागात काम केले. हायड्रॉलिक प्रेसचे तेल किती तास चालले याची नोंद ठेवणे, नमुना काढून त्याचा रंग व वास पाहणे आणि वेळ भरली की तेल बदलणे हा आमच्या कामाचा नित्याचा भाग होता. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स ही मुळात हायड्रॉलिक यंत्रणाच आहे. इंजिन आणि गिअर यांना जोडणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाची ताकद या तेलाच्या माध्यमातूनच पुढे जाते. गिअर बदलणाऱ्या क्लच प्लेटा याच तेलाच्या दाबाने आवळल्या जातात, तेलाचा दाब हव्या त्या क्लचकडे वळवणाऱ्या व्हॉल्व्ह बॉडीतील केसाइतक्या बारीक फटींतून हेच तेल वाट काढते, गिअर आणि बेअरिंगांना वंगण तेच पुरवते आणि आतली उष्णता बाहेर कूलरपर्यंत तेच वाहून नेते. साध्या गिअरबॉक्सच्या तेलाला यातले फक्त वंगणाचे आणि थोडेफार थंड ठेवण्याचे काम असते, त्यामुळे त्याचा अनुभव इथे लागू करता येत नाही.

शिवाय या तेलावर एक अवघड जबाबदारी असते. ओल्या, म्हणजे तेलात बुडून काम करणाऱ्या, क्लच प्लेटा एकमेकींना किती पकडतील आणि पकडताना किती सरकू देतील, हे तेलात मिसळलेल्या रसायनांवर ठरते. ही रसायने उष्णतेने हळूहळू झिजतात. प्लेटांवरील अस्तराची बारीक पूड आणि धातूचे कण तेलात मिसळत राहतात, आणि आतली जाळी व लोहचुंबक त्यातला काहीच भाग धरून ठेवतात. तापमान दहा अंशांनी वाढले की तेल खराब होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, हा आमच्या कामातला जुना ठोकताळा. गिअरबॉक्समधले तेल एरवी ऐंशी-नव्वद अंशांच्या आसपास काम करते, आणि अवघड चढणीला ते त्याच्याही बरेच वर जाते. अशा परिस्थितीत कोणतेही तेल कायमचे टिकेल हे मला देखभालीतला माणूस म्हणून मान्य होत नाही.

तरीही माझ्या स्वतःच्या गाडीबाबत मी सर्व्हिस सेंटरचा शब्द प्रमाण मानला, हे इथे स्पष्ट लिहायला हवे. २०१६ साली घेतलेली, सहा गिअरची, टॉर्क कन्व्हर्टरची ही गाडी. प्रत्येक सर्व्हिसला मी विचारत असे आणि प्रत्येक वेळी ‘साहेब, ते लाइफटाइम आहे’ हेच उत्तर मिळत असे. ८८,००० किलोमीटरच्या सुमारास गगनबावड्याहून परत येताना दुसऱ्यावरून तिसऱ्या गिअरवर जाताना गाडी झटका देऊ लागली, आणि इंजिन तापल्यावर तो झटका वाढत असे. सर्व्हिस सेंटरने गिअरबॉक्स उतरवण्याचा अंदाज दिला तो दीड लाखाच्या पुढचा होता. उद्यमनगरातील एका जाणत्या मिस्त्रीने आधी तेल पाहू या म्हणून ड्रेन प्लग उघडला. मूळचे लाल तेल काळपट तपकिरी झाले होते आणि त्याला जळका वास येत होता. तळाचे तेलाचे भांडे, म्हणजे चेंबर, उतरवले तेव्हा आतल्या चुंबकांवर करड्या लगद्याचा जाड थर होता. चेंबरची जाळी बदलून, साधारण हजार-हजार किलोमीटरच्या अंतराने तीन वेळा तेल बदलले, तेव्हा झटका बराच कमी झाला. तो पूर्ण गेला नाही, कारण तोवर जी झीज झाली होती ती तेलाने भरून येणारी नव्हती. साठ हजारांच्या आसपास हेच काम केले असते तर ती झीज टळली असती, असे मला आज वाटते.

‘लाइफटाइम’ या शब्दातले आयुष्य कोणाचे, हे कुठेही लिहिलेले नसते. कंपनीच्या दृष्टीने ते वॉरंटीचा काळ आणि त्यानंतरची काही वर्षे असू शकते. आपल्याकडचा मालक गाडी दहा-बारा वर्षे वापरतो आणि मग ती भाच्याला किंवा गावाकडच्या कुणाला देतो. स्वतः गिअरबॉक्स बनवणारे याबाबत काय म्हणतात ते पाहण्यासारखे आहे. अनेक महागड्या गाड्यांना गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ ही जर्मन कंपनी आपल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल, गाडी कशी चालवली जाते त्यानुसार, ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरच्या दरम्यान किंवा आठ वर्षांनी बदलण्याची शिफारस करते. याच गिअरबॉक्सच्या गाड्या विकणारे मात्र तेल आयुष्यभराचे असल्याचे ग्राहकाला सांगत आले आहेत. बनवणाऱ्याचे ऐकावे, हे माझे मत.

आता आपल्या भागाकडे पाहू. बहुतेक वाहनपुस्तिकांच्या देखभालीच्या तक्त्यात ‘कठीण परिस्थितीतील वापर’ असा एक वेगळा रकाना किंवा तळटीप असते आणि तिथे तेल बदलण्याचे अंतर कमी दिलेले असते. डोंगराळ रस्ते, सतत थांबत-चालत होणारी वाहतूक, धूळ, उष्ण हवामान, ओझे ओढणे ही तिथली ठरलेली कारणे. कोल्हापूरच्या गाडीला यातले काय चुकते? कोकणात उतरायचे म्हटले की करूळ किंवा भुईबावडा, नाहीतर राधानगरीवरून फोंडा, रत्नागिरीकडे आंबा घाट, सावंतवाडीकडे आंबोली. सुट्टीच्या दिवशी पन्हाळा आणि जोतिबाची चढण आहेच. ऊस तुटायला लागला की चार-पाच महिने कुडित्रे, कळे, बिद्रीच्या रस्त्यांवर दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरमागे माणूस चालेल त्या वेगाने सरकावे लागते, आणि शहरात संध्याकाळी दाभोळकर कॉर्नर ते व्हीनस कॉर्नर एवढ्यालाही वेळ लागतो. इंजिन आणि गिअरबॉक्स यांना थेट जोडणारे टॉर्क कन्व्हर्टरमधले लॉकअप क्लच वेग घेतल्यावरच जुळते. त्याखालच्या वेगात तेल आतल्या आत घुसळले जाते आणि इंजिनाच्या ताकदीचा काही भाग थेट त्या तेलाला तापवण्यात खर्च होतो. महामार्गावरून शंभर किलोमीटर एका वेगाने गेलेली गाडी आणि ट्रॉलीमागे वीस किलोमीटर रखडलेली गाडी यांत दुसरीचे तेल जास्त थकलेले असू शकते. म्हणून आपल्याकडच्या टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीने पुस्तिकेतला कठीण वापराचा आकडा धरावा, आणि पुस्तिका गप्प असेल तर साठ ते ऐंशी हजार किलोमीटरच्या दरम्यान, किंवा धावणे कमी असेल तर सहा-सात वर्षांत तेल बदलून घ्यावे, असे माझे अनुभवाने बनलेले मत आहे.

ऑटोमॅटिक म्हणून विकल्या जाणाऱ्या सर्व गाड्या एक नाहीत, याची जाणीव मात्र ठेवायला हवी. आपल्याकडे स्वस्त गाड्यांत जो ‘एएमटी’ प्रकार मिळतो, तो आतून साधाच गिअरबॉक्स असतो, फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम यंत्र करते. त्याला साधे गिअर ऑइल लागते. अशा गाडीच्या मालकाला कोणी एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे खास तेल, बदलण्याचे बिल लावत असेल तर त्याने पुस्तिका समोर ठेवून विचारावे. सीव्हीटी या ठरावीक गिअरांशिवाय वेग बदलणाऱ्या प्रकारात पोलादी पट्टा दोन पुलींमध्ये घट्ट धरून ठेवावा लागतो. तिचे तेल वेगळेच असते आणि तिथे साधे एटीएफ भरले तर पट्टा घसरून पुलींवर चरे पडतात, मग गिअरबॉक्स गेला म्हणून समजावे. दोन क्लचच्या गिअरबॉक्समध्ये क्लच ओले आहेत की कोरडे यावर सगळे अवलंबून असते. फोक्सवॅगन समूहाच्या सहा गिअरच्या ओल्या क्लचच्या गिअरबॉक्सला दर ६०,००० किलोमीटरला तेल बदलावे लागते, आणि कोरड्या क्लचच्या प्रकाराचे वेळापत्रक त्याहून वेगळे असते. म्हणून ‘कोणत्याही गाडीला चालते’ असे सांगून बॅरलमधून दिले जाणारे सुटे तेल घेऊ नये. पुस्तिकेत लिहिलेल्या नावाचा आणि क्रमांकाचा सीलबंद डबा आपल्या डोळ्यांसमोर उघडला जावा.

तेल बदलल्यामुळेच चांगला गिअरबॉक्स बिघडला, अशी तक्रार बरीच ऐकू येते. यात तथ्य अजिबात नाही असे म्हणता येणार नाही. दीड लाख किलोमीटर एकाच तेलावर चाललेल्या गाडीत मशीनने दाब देऊन तेल ढकलले, तर वर्षानुवर्षे तळाशी बसलेला गाळ सुटून व्हॉल्व्ह बॉडीत अडकू शकतो. शिवाय अशा गाडीच्या प्लेटा आधीच संपत आलेल्या असतात आणि मालक तेल बदलायला येतो तोच मुळी त्रास सुरू झाल्यावर. त्यामुळे दोष शेवटच्या कामावर येतो. अशा गाडीला साधा मार्ग चांगला. ड्रेन प्लग उघडून जेवढे उतरेल तेवढेच उतरवायचे आणि तेवढेच नवे भरायचे. एका वेळी साधारण निम्मेच तेल निघते, कारण उरलेले टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरच्या नळ्यांत असते. हेच काम काही अंतराने दोन-तीनदा केले की बहुतेक तेल नवे होते आणि गिअरबॉक्सला धक्काही बसत नाही.

पातळीच्या बाबतीत मी अधिक आग्रही आहे, कारण बहुतेक चुका तिथेच होतात. पूर्वी पट्टी काढून तेल पाहता येत असे. आताच्या बहुतेक गाड्यांना पट्टीच नसते. गाडी सपाट उभी करून, इंजिन चालू ठेवून, गाडीच्या संगणकाला जोडलेल्या स्कॅनरवर तेलाचे तापमान पाहायचे आणि पुस्तिकेतल्या ठरलेल्या अंशांना, अनेक गाड्यांत चाळीसच्या आसपास, तपासणीचा प्लग उघडायचा. त्यातून बारीक धार किंवा थेंब पडले तर पातळी बरोबर. तेल तापल्यावर फुगते, म्हणून जास्त गरम असताना पाहिले तर कमी भरले जाते. कमी तेलाने क्लच घसरतात, आणि जास्त तेलाने फेस होऊन दाब टिकत नाही. स्कॅनर न लावता हे काम करणाऱ्याकडे गाडी देऊ नये.

कोल्हापूरच्या वाचकांसाठी एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि ती म्हणजे पूर. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची पातळी कितीतरी ओलांडली आणि शाहूपुरी, नागाळा पार्क, दुधाळी भागांत दारातल्या गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. २०२१ नंतर आमच्या एका शेजाऱ्यांनी गाडीचे इंजिन ऑइल बदलले, आसने वाळवली आणि गाडी वापरायला काढली. गिअरबॉक्स कोणी उघडला नाही. तीन महिन्यांत तो घसरू लागला, आणि तेल काढले तेव्हा ते स्ट्रॉबेरीच्या दुधासारखे गुलाबी पांढरे होते. गिअरबॉक्सला हवेसाठी वरच्या बाजूला एक नळी असते. पाणी तिच्यावर चढले की आत शिरते, आणि क्लच प्लेटांचे अस्तर ज्या गोंदाने चिकटवलेले असते तो पाण्याने सुटतो. म्हणून पुरात गाडी चाकांच्या वर बुडाली असेल तर ती सुरू करू नये, गिअरमध्येही टाकू नये. इंजिनाच्या ताकदीने फिरणारी चाके जमिनीवर ठेवून दोरीने ओढतही नेऊ नये, कारण इंजिन बंद असताना आतला तेलपंप फिरत नाही आणि गिअर कोरडे घासतात. गाडी सपाट ट्रकवर चढवून न्यावी आणि गिअरबॉक्सचे तेल आधी पाहावे, कितीही लाल दिसले तरी बदलावे.

काढलेल्या तेलाबद्दलही लिहितो. ते गटारीत सोडले की जयंती नाल्यातून पंचगंगेतच जाते. वापरलेले तेल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते आणि ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवे. आपले तेल कुठे जाते हे मालकाने गॅरेजमध्ये विचारावे.

शहरातील सर्व्हिस सेंटर आणि गॅरेज यांच्याकडे माझी एक विनंती आहे. गिअरबॉक्सच्या तेलाचे काम झाल्यावर जॉब कार्डावर चार गोष्टी लिहून द्याव्यात: कोणत्या नावाचे व क्रमांकाचे तेल भरले, किती लिटर निघाले आणि किती भरले, किती अंशांना पातळी तपासली आणि गाडी तेव्हा किती किलोमीटर धावली होती. आणि तेल बदलण्याची गरज नाही असे जिथे सांगितले जाते, तिथे ते कोणत्या किलोमीटरपर्यंत, हेही त्याच कार्डावर सहीनिशी लिहावे. माझ्या गाडीबाबत असे लिहून मागण्याची बुद्धी मला ८८,००० किलोमीटरपर्यंत झाली नाही.

आपला,
एक निवृत्त देखभाल पर्यवेक्षक,
राजारामपुरी, कोल्हापूर