भिंगातून वाचलेली डबी

संपादक महोदय,

लेकीचे केसांचे जेल मी माझ्या केसांना लावले त्या दिवशी काही झाले नाही. दोन दिवसांनी कानामागे नि कपाळाच्या कडेला खाज सुटली, पापण्या सुजल्या. मी आपली कोंडा समजून तेल चोळत बसले! ॲलर्जी कशाची ते शोधायला त्वचारोगतज्ज्ञांनी पाठीवर संशयित रसायनांच्या पट्ट्या चिकटवल्या, ४८ तासांनी काढून पाहिल्या. चोर सापडला: मिथाइलआयसोथायझोलिनोन, म्हणजे जेल डबीत खराब होऊ नये म्हणून घातलेले रसायन. धुऊन न टाकायच्या प्रसाधनांत युरोपीय संघाने ते २०१७ पासून बंद केले आहे. डबीवर हे नाव होते, पण चष्मा लावूनही दिसेना. भिंग आणावे लागले. ‘सौम्य’ हा शब्द मात्र अंगठ्याएवढा. घटकांची नावे निदान त्याच्या निम्म्या आकारात छापायला कंपन्यांना काय हरकत आहे?

– एक वाचक